तिसरं कडवं

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात उठला होता, सवयीने. तो खाली घेतला आणि मग पेनाचं टोपण काढलं.

पत्र कशाला, असं म्हणशील. आईच्या रिकाम्या खाटेपाशी मी म्हटलं होतं की तुझ्याशी यापुढे एक शब्द बोलणार नाही. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. तेव्हा फोन करू नकोस, मी उचलणार नाही. काय सांगायचं ते कागदावर सांग. आणि अक्षर नीट काढ, लहानपणी काढायचास तसलं कोंबडीच्या पायांचं नको.

काल दातांच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. दात दाखवायला नाही. हे आमच्या इथल्या रसिक मंडळाचे अध्यक्ष. पहिल्या रांगेत बसून नको तिथे टाळ्या वाजवतात, ते तुला स्टेजवरून दिसत असतीलच. त्यांच्या फोनवर तुझ्या सरांचा गेल्या आठवड्यातला कार्यक्रम होता. "बघा ताई," म्हणाले, "काय माणूस आहे! ऐंशी ओलांडली, तरी रसिकांवर केवढा जीव! तिसरं कडवं स्वतः गातच नाहीत, आपल्याला गायला लावतात." डोळे पुसत होते. मागे खुर्चीत एक पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघत होता.

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा.

बारक्या, मी जन्मभर विंगेत स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवली. शब्द विसरलेल्या माणसाचा चेहरा मला कुणी शिकवायला नको. आधी वजन एका पायावर जातं. मग नजर खाली जाते, काहीतरी पडलंय आणि ते शोधतोय अशी. मग हसू येतं. ते हसू भीतीचं असतं. प्रेक्षकांना ते प्रेमाचं वाटतं, कारण त्यांनी प्रेम बघायलाच तिकीट काढलेलं असतं.

आणि तू! तुझ्या सरांची नजर खाली जायच्या आधीच तुझा हात गिटारवरून उठतो आणि लोकांना खूण करतो, म्हणा म्हणून. आधी, नंतर नाही. म्हणजे तुला माहीत आहे. म्हणजे ही सुंदर प्रथा त्यांची नाही, तुझी आहे.

"जिन्यावरचा दिवा" विसरले ते? स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं? ज्या गाण्यासाठी मी एक स्थळ नाकारलं? (मुलाला विचारलं होतं, यांचं कुठलं गाणं आवडतं. म्हणाला, सगळीच छान आहेत. सगळीच छान म्हणणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे शिक्षाच.)

पुढच्या महिन्यात इथे येताय, आमच्याच नाट्यगृहात. कार्यक्रम रद्द कर. म्हाताऱ्याला घरी बसव. एवढंच सांगायचं होतं.

ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. सोबतची पहिल्या रांगेची दोन तिकिटंही मिळाली. दोन कुणासाठी? माझ्यासाठी आणि माझ्या रागासाठी असतील.

लिहितोस, "सर ठणठणीत आहेत, तू उगाच नाटकातलं डोकं लावतेस." बरं. मग मला सांग, गेल्या वर्षीपर्यंत लोक फक्त तिसरं कडवं म्हणायचे. आता दुसरंही लोकच म्हणतात. डॉक्टरांकडे सगळं साठवलेलं आहे, मी ओळीने पाहिलं. "परतीचं तिकीट" तर परवा अख्खं लोकांनी म्हटलं आणि तुझे सर मधे उभे राहून मान डोलवत होते. ठणठणीत माणूस स्वतःच्या मैफलीत पाहुणा होतो का?

आणि इथली गंमत ऐक. रसिक मंडळ दर रविवारी दवाखान्यातल्या बाकांवर बसून तिसऱ्या कडव्याची तालीम करतं. डॉक्टर दात उपटायच्या चिमट्याने ताल धरतात. सरांना आपला एकही शब्द चुकलेला ऐकू येता कामा नये म्हणे. त्यांची भूल झाकायला ही माणसं घसा ताणून सराव करतायत आणि त्यांना वाटतंय पूजा चाललीय. मला तिथे बसून हसूही येईना आणि रडूही येईना. परत येताना जिना चढले तर बल्ब पुन्हा लुकलुकत होता. घरमालकाला सांगून थकले.

आता तुझ्याबद्दल. तू गिटार कशाला शिकलास ते विसरला असशील, तुझ्या घराण्यात आता विसरायचीच पद्धत आहे. मी सांगते. घरात रेकॉर्ड एकच होती, ती घासून घासून गुळगुळीत झाली, म्हणून मी तुला क्लासला घातलं. मला ती गाणी ऐकायची होती. तू सातवीत होतास आणि सुरुवातीला रोज रडायचास. मग सगळी बोटांत बसली. स्वयंपाक करताना मी फर्माईश करायची आणि तू ओट्यावर बसून वाजवायचास. आई म्हणायची, या दोघांना दुसरं जग नाही.

आणि मग ते आमच्या नाट्यगृहात आले. त्यांचा वादक तापाने पडला. आयोजक डोक्याला हात लावून बसले होते तेव्हा विंगेतून पुढे कोण गेलं? "माझा भाऊ वाजवतो, सगळी गाणी येतात त्याला," हे कुणी सांगितलं? एका संध्याकाळपुरतं दिलं होतं मी तुला. तू त्यांच्या गाडीत बसून निघूनच गेलास.

जन्मभर मी त्यांची भक्त, आणि त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची तुझी. आई गेली तेव्हाही तू त्याच खुर्चीत होतास. तार केली, फोन केले. "आज कार्यक्रम आहे, उद्या निघतो." उद्यापर्यंत थांबणं आईला जमलं नाही. ते गाणं तुम्ही त्या दिवशीही वाजवलं असेल. "कुणी मालवू नका हो जिन्यावरचा दिवा, एक पाऊल अजून वर यायचं आहे." वाजवताना काही वाटलं का रे? का बोटं आपली आपण चालतात?

तिकिटं परत पाठवतेय.

ताई


६ मार्च

बारक्या,

शेवटी कबूल केलंस. बरं झालं, निदान खोटं बोलायचं टपाल तरी वाचलं.

तर दोन वर्षं झाली. आधी नावं गेली, मग गावं, आता शब्द चाललेत. सूर मात्र जागच्या जागी आहेत. कानात यंत्र घालून तू शब्द सांगायचा प्रयत्न केलास, तर त्यांनी भर कार्यक्रमात ते उपटून तबल्यावर फेकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कागद समोर ठेवले तर चष्मा लावायला तयार नाहीत. हे सगळं वाचून माझं काय झालं ते तुला कळवायची मला गरज वाटत नाही.

पण नंतरचं वाक्य! "ताई, तू ये आणि विंगेत बस. हे तुझंच काम आहे, तुझ्याइतकं कुणाला जमणार नाही."

तुझ्या निर्लज्जपणाला दाद द्यावी लागेल. आयुष्यभर मी ज्या माणसाच्या चार हात जवळ जायला तडफडले, त्याच्याजवळ जायचं आमंत्रण तू आता देतोस. त्यांच्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा. आणि तेही कशाला, तर तुझी लबाडी आणखी थोडे दिवस चालावी म्हणून. कारण विचारलं तर लिहितोस, "घरी बसले तर ते संपतील." ते, का तू? त्यांचं घर आहे. खाली पुतणी राहते, ती जीव लावून करते असं तूच लिहिलंस. त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची गेली की तुला कुठे घर आहे, ते सांग. तुझी भीती त्यांच्या नावावर खपवू नकोस.

मी येणार नाही. हे माझं शेवटचं.

ता. क. : स्टूल नको. पाठीची खुर्ची ठेव, आता कंबर राहिली नाही. डावी विंग, पहिल्या पडद्याच्या मागे. उजवीकडून माझा आवाज पहिल्या रांगेत जातो आणि डॉक्टरांचे कान चांगले आहेत. सगळ्या गाण्यांचे शब्द पाठवायची जरूर नाही. ते मला कुणी पाठवायला नकोत.


२८ मार्च, नाट्यगृह, दुपार

बारक्या,

हे मी मेकअपच्या खोलीत बसून लिहितेय आणि जाताना तुझ्या गिटारच्या पेटीत टाकणार आहे. सकाळपासून तू माझ्या भोवती घुटमळतोयस, "ताई, चहा?" "ताई, पंखा लावू?" मी एकाही गोष्टीला उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही. पण केस पांढरे झालेत तुझे. डॉक्टरांच्या त्या एवढ्याशा फोनवर कळलं नव्हतं.

तालमीचं लिहिते.

ते आले तेव्हा मी उभी राहिले. चप्पल काढून उभी राहिले, हो, हसायचं असेल तर हस. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तुला विचारलं, "ही बाई कोण? हिला इथे कुणी बसवलं?" तू म्हणालास, "माझी बहीण, सर, शब्दांसाठी." "मला शब्द लागत नाहीत. मी लिहिलेत ते. हाकला हिला." मग गायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला अडले.

मी शब्द दिला. नटाला देतात तसा, नुसता सुरुवातीचा, श्वासावर ठेवलेला. त्यांनी तो घेतला आणि गायले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या गाण्यात मी नकळत त्यांच्याबरोबर गुणगुणले असेन, तर थांबून म्हणाले, "बाई, शब्द देताय तेवढे द्या. गाऊ नका, तुम्ही बेसूर आहात."

खरं आहे ते. आई पण म्हणायची. एवढी वर्षं ज्या माणसाला देव मानलं तो इतका खडूस निघावा याचा मला राग यायला हवा होता. आलाही. पण बेसूर ओळखला, म्हणजे अजून आत कुणीतरी जागं आहे, असंही वाटलं.

मग तू ध्वनीवाल्याशी हुज्जत घालायला गेलास. आम्ही दोघंच होतो. ते माझ्या खुर्चीजवळ आले, अगदी हळू बोलले, मघाची गुरगुर कुठल्या कुठे गेलेली. "तुम्ही इथल्याच का?"

"हो."

"मग तुम्हाला माहीत असेल. ही माणसं मला घरी कधी सोडतात?"

मी म्हटलं, "तुम्हाला जायचंय?"

"मी रोज विचारतो. तो गिटारवाला मुलगा म्हणतो, एवढं एकच गाव झालं की जाऊ. रोज एक गाव निघतं." मग माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून म्हणाले, "तो वाईट नाही हं. त्याला रागावू नका. पण मला फार दमायला होतं."

तू परत आलास आणि त्यांनी लगेच तुला झापलं, तार उतरलीय म्हणून. तू मला डोळ्यांनी विचारलंस, काय म्हणत होते? आता उत्तर देते. घर मागत होते. तुझ्याकडे रोज मागतात आणि तू रोज टोलवतोस. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ते मुलगा म्हणतात आणि तुझी बाजू घेतात, आणि तू त्यांना गावोगाव फिरवतोयस.

तेव्हा आता नीट वाच. आज संध्याकाळी तू स्वतः माईकवर सांगायचंस, हा शेवटचा कार्यक्रम. गोड शब्दांत सांग, लोक रडतील, हार घालतील, मान राहील. मी शेवटच्या अक्षरापर्यंत शब्द देईन, एकही पडू देणार नाही, ही माझी जबाबदारी. आणि नाही सांगितलंस, तर "जिन्यावरचा दिवा"च्या तिसऱ्या कडव्याला मी तोंड उघडणार नाही. होऊ दे सगळ्यांसमोर काय व्हायचं ते.

धमकी आहे का? हो, आहे.

ताई


१२ एप्रिल

बारक्या,

तू गेल्यापासून काही कळवलं नाहीस. कळवशील असं मला वाटलंही नव्हतं. पण त्या संध्याकाळचं माझ्या बाजूचं तुला माहीत असावं, म्हणून लिहितेय.

माझी चिठ्ठी तुला मिळाली. पडदा उघडायच्या आधी तिच्याच मागच्या बाजूला लिहून तू ती माझ्या मांडीवर ठेवलीस. "ताई, अजून चारच गावं. हात जोडतो." त्या "चारच"वर माझं डोकं सणकलं. वाटलं, उठावं आणि घरी जावं. मग त्यांनी पहिला सूर लावला आणि मी बसून राहिले.

हे सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तो एक-दीड तास मी जितकी सुखी होते तितकी कधीच नव्हते. मी ओठ हलवायचे आणि तिकडे ते गाणं व्हायचं. एकदाही अडले नाहीत. लोकांना वाटलं, जुने दिवस परत आले. तू पण विसरलास, मी बघत होते, ओट्यावर बसून वाजवायचास तसा डोळे मिटून वाजवत होतास. त्या सुखात मी सगळं विसरून तिसरं कडवंही देऊन टाकलं असतं, इतक्या जवळ आले होते.

पण "जिन्यावरचा दिवा"च्या दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी वजन एका पायावर घेतलं, आणि खाली बघण्याऐवजी माझ्याकडे बघितलं. शब्दासाठी नाही. दुपारचाच प्रश्न होता त्या चेहऱ्यावर.

मी तोंड मिटलं. जीभ दातांखाली धरून ठेवली.

तू माझ्याकडे पाहिलंस. पांढराफटक पडला होतास. मला वाटलं, आता शांतता होईल आणि सगळ्यांना कळेल. पण आपण दोघं मंडळाला विसरलो. तुझा हात उठायची त्यांना गरजच नव्हती. डॉक्टर उभे राहिले, चिमटा नव्हता म्हणून बोटाने ताल धरला, आणि अख्खं नाट्यगृह उठून गायला लागलं. "उशीर झाला त्याला कुणी विचारू नका का, खिशात त्याच्या अजून आपलीच किल्ली आहे." एकही शब्द चुकला नाही. इतक्या रविवारांची तालीम.

ते ऐकत होते. मान तिरकी करून, मनापासून. संपल्यावर माईकजवळ आले आणि म्हणाले, "छान आहे हो. कुणी लिहिलंय?"

लोक हसले. बारक्या, लोक हसले आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. "वा! काय नम्रता!" असं डॉक्टर ओरडले. ते हसले नाहीत. उत्तराची वाट बघत उभे राहिले. टाळ्या थांबेनात म्हणून तुझ्याकडे वळले आणि माईक सोडून तुला विचारलं, "तुला माहीत आहे का रे, कुणाचं आहे?"

तू नुसता बसून राहिलास. तोंड उघडं, हात तारांवर. मी कितीतरी नट तसे बसलेले पाहिलेत. वाक्य येत असतं, पण सुरुवात सापडत नाही.

म्हणून मी तुला शब्द दिला. "घरी ने." तुझ्यापर्यंत गेला आणि पहिल्या रांगेत कुणाला कळला नाही, एवढं अजून जमतं मला. आईच्या खाटेपासून तुझ्याशी बोललेला हा पहिला शब्द, आणि त्यानंतर परत बोलायचं बंद केलं आहे असं समज.

तू गिटार खाली ठेवलीस. त्यांचा कोपर धरलास आणि म्हणालास, "चला सर, घरी." आणि ते म्हणाले, "आत्ता?" असा आनंद मी कुठल्याच गाण्यात ऐकला नव्हता त्यांच्या.

पुढचं तुला माहीत नसेल. लोक बराच वेळ थांबले. मग चिडले. डॉक्टरांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलंय की वादकाच्या उर्मटपणामुळे मैफल अर्धवट राहिली, सर गायला तयार होते, त्यांना ओढून नेलं. तुझ्या नावाने जे काही लिहिलं जातंय ते मी इथे उतरवत नाही. तू पुढचे कार्यक्रम रद्द केल्याचं कळल्यापासून तर ऊतच आलाय. मी दवाखान्यात गेले आणि भरल्या बाकांसमोर डॉक्टरांना सांगितलं, त्याला शिव्या द्यायचा हक्क या जगात फक्त माझा आहे, तो मी दुसऱ्या कुणाला वापरू देणार नाही. मंडळ सोडलं. त्यांच्याकडे अर्धवट राहिलेली दाढ आता दुसरीकडे दाखवावी लागेल. तेही तुझ्यामुळे.

पुतणीचं पत्र आलं. ते ओटीवर बसतात, दुपारी झोपतात. कधी कधी डाव्या बाजूला बघतात आणि तो मुलगा जेवला का विचारतात. नाव आठवत नाही. तू त्यांना घरी सोडलंस आणि दोन दिवसांनी तिथूनही निघालास, असं ती लिहिते. कुठल्याशा लॉजवर आहेस. हे पत्र तिच्याकडेच पाठवतेय, ती पोचवेल.

माफ केलेलं नाही. आईचं तर मुळीच नाही. ते मी मरेपर्यंत करणार नाही आणि तू मागूही नकोस. पण लॉजवर राहणाऱ्या माणसाला मनासारखं भांडताही येत नाही, दर वेळी टपालाची वाट बघावी लागते. ओटा तसाच आहे. तुझं वजन पेलेल का ते बघावं लागेल.

कुलूप मी केव्हाच बदललंय, तेव्हा खिशातल्या किल्लीचा शहाणपणा करू नकोस, बेल वाजव. आणि जिन्यावरचा बल्ब शेवटी उडाला. येताना घेऊन ये.

ताई